वाळ्याच्या ताटीपासून कूलरच्या खारापर्यंत

मार्च उजाडला की अकोला-अमरावतीच्या गल्ल्यांत पत्रा ठोकण्याचे आवाज सुरू होतात. माळ्यावर आणि गच्चीवर ठेवलेले कूलर खाली उतरतात. कोणी टाकीच्या तळाला डांबर फासतो, कोणी पंप बदलतो, कोणी पात्याला तेल देतो. सगळ्यात जास्त वेळ जातो तो जाळ्यांवर. गेल्या उन्हाळ्यातले गवत त्यातून सहजी सुटत नाही. ते पांढरे, कडक आणि जड झालेले असते. टाकीच्या कडेला चुन्यासारखी रेघ, पाणी सोडणाऱ्या नळीच्या छिद्रांत खडे, पंपाच्या जाळीवर खपली. वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला हा पांढरा थर ओळखीचा आहे. त्याचे वय मात्र फारसे नाही. पाणी उडवून गारवा मिळवण्याची रीत इथे शेकडो वर्षांची आहे, पण ती साचलेल्या खारात अडकली ती कूलरमध्ये पंप बसल्यावर.

गारव्यासाठी पाण्यावर भिस्त ठेवण्याला इथली हवाच कारण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारची आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरते. मे २०२४ मध्ये अकोल्यात तपन इतकी वाढली की जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केले. कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंखे देणे आस्थापनांना बंधनकारक झाले, खासगी शिकवण्यांना भर दुपारी मनाई झाली. अशा हवेत एक सोय दडलेली असते. पारा ४५ वर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २३-२४ अंशच दाखवतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना भोवतालची सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खेचली जाते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय लंगडा पडतो. वऱ्हाडात तो ऐन उन्हाळ्यातच सर्वांत चांगला चालतो.

मोगल दरबाराने या गुणाचा थाटामाटात वापर केला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वाळ्याच्या मुळ्यांनी मढवलेल्या आणि पाणी शिंपडून गार ठेवलेल्या खोल्यांचा उल्लेख येतो. त्या खसखान्यांचे श्रेय तो अकबराला देतो. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी ही रीत आपल्या बंगल्यांत नेली. दाराच्या मापाची बांबूची चौकट, तिच्यात गच्च भरलेल्या वाळ्याच्या मुळ्या आणि बाहेरून पाणी मारणारा माणूस अशी ती ताटी. पश्चिमेचा झळझळता वारा तिच्यातून आत आला की गार होई आणि वाळ्याचा वासही आणी. वारा पडला तर ताटी निरुपयोगी ठरे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘थर्मँटिडोट’ नावाचे यंत्र निघाले. लाकडी खोक्यात हाताने फिरवायचे पाते आणि खोक्याच्या बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, अशी त्याची रचना होती. आजच्या कूलरचा सांगाडा तेव्हाच तयार झाला होता. उणीव होती विजेची आणि पंपाची.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला आणि अमरावती, अकोला ही जिल्ह्याची ठाणी झाली. कचेऱ्या, न्यायालये, डाकबंगले आले, त्यांच्याबरोबर ताट्याही आल्या. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. ही रेल्वे चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) कंपनीने १८७२ च्या सुमारास पहिल्या वर्गाच्या डब्यांत हवा गार करण्याची व्यवस्था आणली. ज्या साहेबांना जमत असे ते गाविलगडच्या रांगेतल्या चिखलदऱ्याला जात. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनने इंग्रजांच्या नजरेस आणलेले हे ठिकाण वऱ्हाडचे थंड हवेचे ठाणे बनले. खाली मैदानात राहणाऱ्यांसाठी सकाळची कचेरी, सकाळची शाळा आणि ताटीवर पाणी मारायला हंगामापुरता ठेवलेला माणूस हाच आधार होता. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे सरकारी कार्यालयांच्या व्हरांड्यात वाळ्याच्या ताट्या टांगलेल्या दिसत.

या जुन्या रीतीत खाराचे काय होत असे, हे पाहण्यासारखे आहे. माणूस बादलीतून ताटीवर पाणी मारी. त्यातले थोडे वाफ होई, उरलेले ताटीतून निथळून ओट्यावरून अंगणात जाई. ते गोळा करून पुन्हा मारण्याची पद्धत नव्हती. पाण्यातले क्षार त्या निथळत्या पाण्याबरोबर वाहून जात. उन्हाळा संपला की वाळाही टाकून दिला जाई. मातीच्या माठात मात्र खार अडके, कारण माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी बाहेरच्या अंगावरच सुकते. माठावर पांढरी भुकटी दिसू लागली की खार फुटला म्हणत. छिद्रे बुजली की तो पाणी गार करीनासा होई आणि पुढच्या चैत्रात कुंभाराकडून नवा माठ येई. दरवर्षी माठ बदलण्यामागे हा व्यवहार होता.

वऱ्हाडच्या पाण्यात इतका खार कुठून येतो, याचे उत्तर पूर्णेच्या खोऱ्यात आहे. सातपुड्यात उगम पावून तापीला मिळणारी पूर्णा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून वाहते. तिच्या दोन्ही तीरांवर गाळाच्या खोल थरांचा सपाट प्रदेश पसरला आहे. पाऊस बेताचा, ऊन कडक, काळ्या मातीतून पाण्याचा निचरा मंद. जमिनीतले पाणी वर येऊन उडत राहिले आणि क्षार मागे उरत गेले. हाच खारपाणपट्टा. तिन्ही जिल्ह्यांतली मिळून नऊशेच्या आसपास गावे त्यात मोडतात. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ते पाणी पाटाने शेताला दिले तर जमीन खारवते, म्हणून विहीर असूनही शेतकरी पावसाच्या भरवशावर राहतो. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. या पट्ट्यातल्या जमिनी आणि पावसाचे गोडे पाणी साठवणारी शेततळी हे त्याच्या कामातले जुने विषय आहेत.

हा खार एकेकाळी उत्पन्नाचे साधन होता. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये निघाले. ते आणि त्यानंतरची इंग्रजी अमदानीतली वर्णने पूर्णेकाठच्या खाऱ्या विहिरींची दखल घेतात. त्या विहिरींतले पाणी उन्हात आटवून पूर्वी मीठ काढले जाई. शेजारच्या बुलढाण्यात लोणारच्या सरोवरातून डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नावांचे क्षार गोळा होत आणि साबण, काच अशा कामांसाठी बाहेर जात. पाणी उडवायचे आणि उरलेला खार खरवडून घ्यायचा, ही कृती मीठ काढणारे जाणूनबुजून करत होते. कूलरमध्ये तीच कृती घराच्या खिडकीत नकळत घडते.

घराआधी या खाराशी झगडा झाला तो कारखान्यांत. कापसाच्या जोरावर वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या बॉयलरांना विहिरीचे पाणी मिळाले. तापलेल्या पाण्यातला चुना बॉयलरच्या आतून खपलीसारखा चिकटतो. ही खपली उष्णता अडवते, कोळसा जास्त जाळते आणि नळी फुटण्याची भीती वाढवते. याच कारणाने वाफेवर चालणारी रेल्वेची इंजिनेही ठरावीक अंतराने थंड करून बॉयलर आतून धुवावे लागत. धुताना आणि चालतानाही खालच्या तोटीने गढूळ, खारावलेले पाणी सोडून द्यायचे आणि ताजे भरायचे, हा बॉयलरवाल्यांचा नेम होता. पुढे कूलरला हाच नेम लागू पडायचा होता.

गिरण्यांत तर हवा ओली ठेवण्याचेच काम होते. कोरड्या हवेत सूत तुटते आणि तंतू उडतात. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कामगारांच्या सोयीसाठी आणि सुताच्या गुणवत्तेसाठी तिथे हवा ओली करणारी यंत्रे बसवली गेली, हे त्या गिरणीच्या इतिहासात ठळकपणे सांगितले जाते. वऱ्हाडात बडनेरा, अकोला आणि अचलपूर इथे गिरण्या आल्या. अकोल्याची सावतराम मिल शहराची ओळखच बनली. पाण्याचे तुषार उडवणाऱ्या तोंडांची छिद्रे बारीक असतात. पाणी जड असले की आधी तीच बुजतात आणि गिरणीच्या फिटरला ती उघडून साफ करावी लागतात. घरात वापरायच्या ह्युमिडिफायरचा आजचा प्रश्न गिरणीच्या खात्यात असा फार पूर्वीच उभा राहिला होता.

कूलरचे आजचे रूप घडले ते अमेरिकेच्या वाळवंटी नैर्ऋत्य भागात. १९२० आणि ३० च्या दशकांत ॲरिझोनात लोकांनी लाकडाच्या बारीक तंतूंच्या गाद्या, विजेचा पंखा आणि छोटा पंप एकत्र आणून खिडकीत बसवायची पेटी बनवली. भारतात ती ‘डेझर्ट कूलर’ या नावाने आली. सुरुवातीला कचेऱ्या, बँका, दवाखाने आणि सुखवस्तू घरांत ती दिसे. वीज पसरली तसा कूलर मध्यमवर्गीय घरांत शिरला. अहमदाबादची सिम्फनी कंपनी १९८८ मध्ये निघाली आणि प्लास्टिकचे कूलर बाजारात आले, तरी वऱ्हाडात पत्र्याच्या मोठ्या कूलरची पकड सुटली नाही. तो गावातल्या गावात बनतो. पत्रा कापणारा, मोटार बांधणारा आणि गवत भरणारा असे तीन कारागीर मिळून तो उभा करतात. वाळ्याची जागा लाकडाच्या तंतूंनी घेतली. त्यांनाच घरोघरी कूलरचे गवत म्हणतात.

खरा फरक पडला तो टाकीत बुडवलेल्या छोट्या पंपामुळे. बादली घेऊन उभा राहणारा माणूस गेला. पंप पाणी वर चढवतो, ते गवतातून झिरपून खाली येते आणि तेच पुन्हा वर जाते. पाणी वाचते, मेहनत वाचते. पण निथळून अंगणात जाणारे पाणी आता बाहेर जात नाही. वाफ निघून जाते आणि पाण्यातला सगळा खार पेटीतच राहतो.

हिशेब मांडला की प्रमाण लक्षात येते. मोठा कूलर दिवसभरात १०० लिटर पाणी सहज उडवतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जातात. बोअरच्या पाण्यात १५०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर रोज १५० ग्रॅम खार मागे उरतो. तीन महिन्यांत तो साडेतेरा किलो होतो. ५०० मिलिग्रॅमच्या बऱ्या पाण्यातूनही साडेचार किलो भरतो. ६० लिटरची टाकी आठवडाभर नुसती वरून भरत राहिले, तर सातव्या दिवशी तिच्यात मूळ पाण्याच्या बारापट खार जमा झालेला असतो. त्यातला काही पाण्यात राहतो, काही गवतावर बसतो.

हा थर दोन जातींचा असतो. काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी उडू लागले की त्यातून कर्बवायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, घट्ट बसते. साध्या पाण्याने ती जात नाही. खारपाणपट्ट्याच्या पाण्यात त्याच्या जोडीला सोडियमचे क्षारही भरपूर असतात. ते भुकटीसारखे फुलतात आणि पाण्याने धुतले जातात. पाण्याने न निघणाऱ्या थरावर लिंबू पिळावे. फसफसला तर तो चुन्याचा.

चुन्याला आंबट उतारा लागतो. घरात लिंबूसत किंवा व्हिनेगर पुरते. एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे लिंबूसत विरघळवावे आणि त्यात पंपाची जाळी, नळी, प्लास्टिकचे भाग तासभर बुडवून ठेवावेत. मग जुन्या दात घासण्याच्या ब्रशने खपली निघते. नळीच्या छिद्रांत सुई किंवा बारीक तार फिरवावी. पत्र्याच्या टाकीला मात्र आंबट पाणी फार वेळ लावून ठेवू नये. पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा आम्लात विरघळतो आणि पुढच्या पावसाळ्यात टाकी गंजते. तिथे लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने थर खरवडावा, उरलेला आंबट फडक्याने पुसावा आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवावा. संडास धुण्याचे ॲसिड कूलरला वापरणे घातक आहे. ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि काहीही करण्याआधी प्लग काढलाच पाहिजे. नुसते बटण बंद करून भागत नाही. ओल्या लोखंडी कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. नीट अर्थिंग असलेली जोडणी ही खार काढण्याहून आधीची गरज आहे.

जाळ्यांचे गणित वेगळे आहे. गवत स्वस्त असते, एका हंगामानंतर ते टाकून नवे भरणेच बरे. गेल्या काही वर्षांत पुठ्ठ्यासारख्या कागदी घड्यांची हनीकोंब जाळी आली. स्वीडनच्या मुंटर्स कंपनीने मोठ्या प्रमाणावर रुळवलेले हे तंत्र आहे. ही जाळी काही वर्षे टिकते, पण खार बसला की तिच्या वाटा बुजतात आणि तारेच्या ब्रशने घासले तर कागदच फाटतो. तिला हलक्या धारेने दोन्ही बाजूंनी धुवावे. चुना घट्ट असेल तर लिंबूसताच्या पातळ पाण्यात ठेवून पुन्हा धुवावे.

थर बसूच नये यासाठी तीन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, जाळी सगळीकडे भरपूर ओली राहिली पाहिजे. जिथे पाणी कमी पोहोचते, तो भाग ओला होतो, सुकतो, पुन्हा ओला होतो आणि खार आधी तिथेच धरतो. म्हणून वरच्या नळीची छिद्रे मोकळी हवीत. दुसरी, रात्री पंखा बंद केल्यावर पंप पाच-दहा मिनिटे तसाच चालू द्यावा. वाफ कमी होते आणि जाळीवरचा खार धुऊन टाकीत उतरतो. तिसरी सर्वांत महत्त्वाची. टाकीतले पाणी अधूनमधून सोडून द्यावे. रोज १०० लिटर उडत असताना ५० लिटर सोडले, तर टाकीतला खारेपणा मूळ पाण्याच्या तिपटीवर थांबतो. २५ लिटर सोडले तर पाचपटीवर. दर दोन दिवसांनी ६० लिटरची टाकी रिकामी केली तरी तो साडेचारपटीच्या आत राहतो. बॉयलरवाले हेच करत होते. ताटीवर पाणी मारणाऱ्याच्या हातून तर ते आपोआपच घडत होते.

टाकी रिकामी करण्याला आणखी एक कारण आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. नगरपालिका आणि आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो त्यासाठी. त्या दिवशी टाकीच्या कडा घासून सुकवल्या तर खार आणि डास दोन्हींचा बंदोबस्त होतो.

अडचण अशी की वऱ्हाडात पाणी सोडून द्या म्हणणे सोपे नाही. अकोल्याला महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते, अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचे. खारपाणपट्ट्यातल्या गावांसाठी वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना आणि खांबोऱ्याची ६४ खेडी योजना अशा नळयोजना उभ्या राहिल्या. धरणाचे पाणी बोअरच्या मानाने गोडे असते, पण अनेक वस्त्यांत नळ रोज येत नाही. मग गोडे पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला राखले जाते, कूलरमध्ये बोअरचे पडते. याहून वाईट म्हणजे आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून कूलरमध्ये ओतण्याची पद्धत सध्या पसरली आहे. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. फरशी पुसायला, भांड्यांचा पहिला हात द्यायला आणि संडासात ओतायला ते योग्य आहे. कूलरमधून सोडलेले खारे पाणीही याच कामांत खपवता येते. कुंडीतल्या झाडांना मात्र ते घालू नये. पूर्णेकाठच्या शेतांना जे होते, तेच कुंडीतल्या मातीला होते.

तान्ह्या बाळाच्या किंवा दम्याच्या रुग्णाच्या खोलीत अलीकडे छोटे ह्युमिडिफायर आले आहेत. त्यांतल्या अतिसूक्ष्म कंपनांनी चालणाऱ्या यंत्रांत पाणी न उकळता तुषार होऊन उडते, त्यामुळे क्षारही हवेत जातात आणि फर्निचरवर पांढरी धूळ बसते. ती श्वासातही जाते. अशा यंत्रात डिस्टिल्ड पाणी घालावे. ते नसेल तर आरओचे शुद्ध पाणी. यंत्राची टाकी रोज रिकामी करून पुसावी आणि आठवड्यातून एकदा पातळ व्हिनेगर फिरवून स्वच्छ धुवावे. तुरटीने हे काम होत नाही. तुरटी गाळ खाली बसवते, विरघळलेल्या खाराला ती हात लावत नाही.

पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. पागोळीचे पाणी टाकीत साठवणाऱ्या घरांना उन्हाळ्यात निदान ह्युमिडिफायरपुरते गोडे पाणी हाताशी राहते. कूलरची रोजची १०० लिटरची भूक त्यावर भागणार नाही. तिथे नळ येईल त्या दिवशी टाकी पूर्ण उपसून गोड्या पाण्याने भरायची आणि मधल्या दिवसांत बोअरचे वापरायचे, ही सांगड अकोल्या-अमरावतीच्या कोणत्याही घराला जमण्यासारखी आहे. तसे केले तर जूनमध्ये कूलर बंद करताना गवत हलकेच सुटते आणि टाकीच्या तळाशी खरवडायला फारसे उरत नाही.